पानिपतचा खुर्दा

पानिपतावर मराठीत बखरी झाल्या, पोवाडे झाले, नाटके झाली, कादंबऱ्या झाल्या. २०१९ साली हिंदीत मोठ्या खर्चाचा चित्रपटही झाला. या साऱ्या लेखनाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : चूक कोणाची? सदाशिवरावभाऊंची, की मल्हारराव होळकरांची, की पुण्यात बसलेल्या नानासाहेब पेशव्यांची? बखरकारापासून आजच्या कादंबरीकारापर्यंत जो तो या खटल्यात न्यायाधीश होऊन बसला आहे. आरोपी तीन-चारच. साक्षीदार सरदार नाहीतर कारकून. अडीचशे वर्षे उलटून गेली तरी खटला चालूच आहे आणि प्रत्येक पिढीत नवा वकील नवा वकालतनामा घेऊन उभा राहतो.

मला निकालात रस नाही. हा खटला कोणी उभा केला, त्याच्या दप्तरात कोणाची नावे चढली आणि कोणाची चढलीच नाहीत, हे तपासणे मी समीक्षेचे काम मानतो. युद्धाच्या काळात पुढारी निर्णय कसे घेतात, ते कोणाच्या जिवावर घेतात, याविषयी पानिपतापासून काही शिकायचे असेल तर ते या तपासणीतूनच हाती येईल. 'भाऊ मोठा की मल्हारराव मोठा' या वादातून ते येणार नाही.

सुरुवात त्या प्रसिद्ध निरोपापासून करू. १४ जानेवारी १७६१ ची लढाई संपल्यावर सावकाराचे एक पत्र दक्षिणेकडे निघाले आणि ते भेलशाजवळ पेशव्यांच्या हाती पडले. त्यात बातमी सावकारी खुणेने लिहिली होती : मोत्ये दोन गेली, मोहरा सत्तावीस गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही. मोत्ये म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. राहिलेली सारी माणसे म्हणजे खुर्दा.

हा निरोप मराठी माणसाला पाठ असतो. शाळेत तो गहिवरून सांगितला जातो. त्यातली उपमा किती नेमकी आहे याचे कौतुक होते आणि ती नेमकी आहेच, वेगळ्या अर्थाने. सावकार स्वतःच्या वहीत पै-पैचा हिशेब ठेवतो, खुर्दा मोजल्याशिवाय तो रात्री दिवा मालवत नाही. मोजदाद नाही असे तो लिहितो ते दुसऱ्याच्या खुर्द्याविषयी. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याने राज्यकर्त्यांची रीत त्यांच्याच नाण्यांत लिहून दाखवली. दोष आपल्या समीक्षकांचा आहे. ही उपमा त्यांनी शोकाचे काव्य म्हणून वाचली, राज्याचा जमाखर्च म्हणून वाचली नाही.

भाषेनेही हाच व्यवहार पुढे चालवला. 'भाऊगर्दी' हा शब्द आज आपण निवडणुकीतल्या उमेदवारांसाठी हसत वापरतो. मुळात तो पानिपतातल्या त्या गोंधळाचा, माणसे तुडवली गेली त्या गर्दीचा शब्द. 'बाजारबुणगे' हा शब्द तर राजकीय भाषणांतली हुकमी शिवी होऊन बसला आहे. 'बुणगा' मी बखरीत वाचण्याआधी गावात ऐकला. कामावर उशिरा आलेल्या, किंवा कामावरून उठून दोन घटका सावलीला बसलेल्या माणसाला तो ऐकवला जाई. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे बखर-वाङ्मयाचा पेपर अभ्यासताना तो शब्द मला टिपेत अर्थ पाहण्याचा वाटला नाही. तो माझ्या ओळखीचा होता. फौजेबरोबर चालणारी, पण न लढणारी माणसे ते बुणगे, असा अर्थ टीप देते. ते खाण्यापुरते होते, ओझे होते, त्यांच्यामुळे भाऊ अडकले आणि पराभव झाला, हेही टीप जाता जाता सुचवते.

हा आरोप नीट तपासला पाहिजे, कारण पानिपतच्या नेतृत्वावरचे सगळे विवेचन या आरोपाच्या आडोशाने उभे आहे.

न लढणारी माणसे पानिपतात कोण होती? एक वर्ग सरदार-दरकदारांच्या कुटुंबांचा आणि यात्रेकरूंचा. फौज उत्तरेत जाते आहे, वाटेत मथुरा-वृंदावन, जमले तर प्रयाग-काशी पदरात पाडून घ्यावी, या हिशेबाने निघालेला. पुढे नाना फडणीस म्हणून गाजलेला बाळाजी जनार्दन त्या वेळी एकोणीस वर्षांचाही पुरा नव्हता. आई आणि बायकोसह तो या स्वारीत होता. लढाईनंतर त्याची आई हरवली ती हरवलीच. त्याने स्वतःच्या आठवणी लिहिल्या म्हणून आपल्याला हे कळते आणि त्या माउलीसाठी कोणाचेही काळीज हलेल. पण ती बुणग्यांतच मोडत होती, हे म्हणण्याचे धैर्य एकाही इतिहासकाराला झालेले नाही.

दुसरा वर्ग कामाचा. घोड्याला गवत कापून आणणारा, त्याची मोतद्दारी करणारा, नाल ठोकणारा नालबंद, खोगीर-लगाम शिवणारा चर्मकार, पाणी वाहणारा पखालजी, खंदक खणणारा बेलदार, तोफा ओढणाऱ्या बैलांमागे चालणारा गाडीवान, धान्याच्या गोण्या बैलांच्या पाठीवर घालून तांड्याने येणारा लमाण, सरदारांच्या डेऱ्यात राबणाऱ्या कुणबिणी आणि बटकी. यातला कोणी पुण्य जोडायला निघालेला नव्हता. हे नसते तर घोडा दुसऱ्या दिवशी उभा राहिला नसता आणि तोफ मुक्कामावरून हलली नसती. शिवाजी महाराजांच्या फौजेत बायको-बटकी बरोबर नेण्याला मनाई होती हे आपण अभिमानाने सांगतो, पण ती मनाई सरदार-शिपायांच्या चैनीला होती, कामाच्या माणसाला नव्हती, हे सांगायचे विसरतो.

इतिहासलेखनाने हे दोन्ही वर्ग एका शब्दात कोंबले आणि मग शब्दाचा कलंक फक्त दुसऱ्यावर ठेवला. पुण्य जोडायला आलेल्यांचे ओझे राबायला आलेल्यांच्या पाठीवर चढवले. हे आपल्याकडे नवीन नाही.

आता सल्ल्याचा प्रश्न. जाट राजा सूरजमल आणि मल्हारराव यांनी भाऊंना सांगितले की बायकामुले, जड सामान आणि अवजड तोफा चंबळेपलीकडे ग्वाल्हेर-झाशीकडे, नाहीतर जाटांच्या किल्ल्यांत ठेवा, हलक्या घोडदळाने शत्रूची रसद तोडा आणि त्याला थकवा. भाऊंनी ते ऐकले नाही. उदगीरची लढाई त्यांनी तोफांच्या जोरावर जिंकून वर्षही झाले नव्हते आणि जिंकलेला माणूस आपल्या जिंकण्याच्या रीतीच्या प्रेमात पडतो. एवढे सगळेच लिहितात. परंतु या नकारासाठी भाऊंनी वापरलेली म्हणून जी भाषा नोंदली गेली आहे तिच्याकडे कोणी थांबून पाहत नाही. होळकर तो धनगर आणि सूरजमल तो जमीनदार, यांना राजकारण काय कळते, अशा आशयाचे उद्गार भाऊंच्या तोंडी लिहिलेले सापडतात. भाऊंचे अभिमानी म्हणतील की ते मागाहून चिकटवले. चिकटवले असतील तर चिकटवणाऱ्यालाही ते शोभून दिसले, ऐकणाऱ्यालाही खरे वाटले, हीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे. सल्ला काय आहे यापेक्षा तो कोणाच्या तोंडचा आहे हे आधी पाहणारी ती मसलत होती.

मल्हाररावांनाही या दोषातून सुटका नाही. 'भाऊसाहेबांच्या बखरी'त नजीबखानाविषयी ते शिंद्यांना जो सल्ला देतात तो प्रसिद्धच आहे : नजीबाचे कंटक मुळासकट काढू नका, नाहीतर शत्रू उरला नाही म्हणून पेशवे तुम्हाआम्हाला धोतरे बडवायला बसवतील. या वाक्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, बहुतेक मल्हाररावांच्या स्वार्थावर. मला त्यातले भय महत्त्वाचे वाटते. हजारो घोड्यांचा हा सरदार कशाला भितो? मरणाला भीत नाही. तो परटाच्या कामाला भितो. ब्राह्मण पेशव्याच्या दारात आपली खरी पायरी कोणती हे त्याला ठाऊक आहे, आणि ती पायरी पुन्हा दिसू नये म्हणून तो शत्रू जिवंत ठेवतो. सल्ला देणाऱ्याच्या मनात असे भय आणि ऐकणाऱ्याच्या मनात तशी तुच्छता असेल, तर त्या मसलतीतून नीट निर्णय कसा निघावा? पानिपतच्या पराभवाची कारणे सांगताना तोफांचे वजन सांगितले जाते. जातीचे वजन कोणी सांगत नाही.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात. १७ ऑक्टोबर १७६० ला भाऊंनी कुंजपुरा घेतला, धान्याचा मोठा साठा हाती आला आणि फौज कुरुक्षेत्राच्या तीर्थाकडे वळली. त्याच आठवड्यात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो दिल्लीच्या व मराठ्यांच्या मध्ये येऊन बसला. भाऊंनी पानिपतला खंदक खणून मुक्काम केला. मग अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर. सुरुवातीला कोंडी दोन्हीकडे होती. डिसेंबरात रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि कोंडी एकाच बाजूला राहिली.

या अडीच महिन्यांसाठी माझा विश्वास काशीराज पंडितावर. हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे शत्रूच्या छावणीत. १७८० साली त्याने फारशीत हकीकत लिहिली. त्याचे आकडे फुगलेले असतील, पण त्याची नजर कारकुनाची आहे, भाटाची नाही. तो लिहितो, एका रात्री मराठ्यांच्या छावणीतले वीस हजारांच्या आसपास बुणगे लाकूडफाट्यासाठी बाहेर पडले होते. शाहपसंदखानाच्या पाच हजार स्वारांच्या गस्तीने त्यांना गाठले आणि सगळ्यांची कत्तल केली.

वीस हजार हा आकडा निम्मा करा, त्याच्याही निम्मा करा. पाच हजार माणसे सरपणासाठी एका रात्रीत मेली. मराठीतल्या किती पोवाड्यांत ही रात्र आहे? बळवंतराव मेहेंदळे ७ डिसेंबरच्या चकमकीत पडले, त्यांचा शोक पानोपानी आहे आणि तो व्हावा. पण हे लोक रात्री बाहेर का पडले? स्वतःच्या चुलीपुरत्या काटक्यांना इतकी माणसे लागत नाहीत. आपापल्या धन्याची चूल पेटावी म्हणूनही ते गेले. त्यांच्याबरोबर राखणीला स्वार होते असे काशीराज म्हणत नाही.

याच डिसेंबरच्या २७ तारखेला, उत्तरेकडे मदतीला निघालेल्या नानासाहेब पेशव्यांनी वाटेत पैठणला मुक्काम करून नऊ वर्षांच्या मुलीशी दुसरे लग्न लावले. यावर मी काही लिहीत नाही.

आणि मग शेवटचा निर्णय. सगळी पुस्तके म्हणतात, भाऊंनी १४ जानेवारीला लढायचे ठरवले. काशीराज वेगळे सांगतो. सरदार आणि शिपाई मिळून भाऊंच्या डेऱ्याभोवती जमले आणि म्हणाले की दोन दिवस पोटात काही नाही, असे कुजून मरण्यापेक्षा आम्हाला एकदा शत्रूवर जाऊ द्या, मग जे व्हायचे ते होवो. भाऊंनी रुकार दिला, विडे वाटले, उरलेसुरले धान्य रात्री सर्वांना खायला दिले. म्हणजे पानिपतच्या साऱ्या मोहिमेतला सर्वांत मोठा निर्णय डेऱ्याच्या आत झालेला नाही. तो डेऱ्याबाहेर उपाशी पोटांनी केला आणि सेनापतीने त्यावर शिक्का मारला. दहा महिने ज्यांना कोणी काही विचारले नाही त्यांनी अखेर स्वतःहून सांगितले, पण तोवर सांगण्यासारखे मरण एवढेच उरले होते. वेळेवर विचारले असते तर गवत कापणाऱ्याने ऑक्टोबरातच सांगितले असते की या माळावर इतक्या जनावरांचा महिना निघणार नाही. हे ज्ञान सरदारांपाशी नव्हते, त्याच्यापाशी होते. पण मसलतीच्या बैठकीत त्याला जागा नव्हती. तिथे होळकरालाच जेमतेम होती!

लढाईच्या सकाळचा एक प्रसंग काशीराजाने टिपला आहे. इब्राहिमखान गारदी भाऊंना मुजरा करून म्हणाला की माझ्या माणसांचा पगार वेळेवर मागतो म्हणून आपण माझ्यावर नाराज असता. या महिन्याचा तर मिळालाच नाही, ते असो. इतके दिवस फुकट पगार खाल्ला नाही एवढे आज दाखवतो. आणि त्याने दाखवले. त्याच्या आठ-नऊ हजार गारद्यांतले बहुतेक जागेवर पडले, तो जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. मराठी वाङ्मयात इब्राहिमखान 'निष्ठावंत मुसलमान' म्हणून गौरवला जातो. मला तो आधी आपल्या माणसांचा पगार मागणारा पुढारी दिसतो. साऱ्या पानिपतात असे बोलणे मला दुसऱ्या कोणाचे आढळले नाही. पगार मागितला म्हणून धन्याची गैरमर्जी झाली आणि पगार थकला असतानाही लढून मेला म्हणून निष्ठेचे प्रमाणपत्र मिळाले. गिरणीतल्या किंवा नगरपालिकेतल्या कोणत्याही कामगाराला हा व्यवहार परिचयाचा वाटेल.

लढाईच्या डावपेचांत मी शिरत नाही. गोलाची रचना कोणी मोडली, विंचूरकर-गायकवाड गारद्यांच्या तोफांपुढे का धावले, होळकर केव्हा निघाले, यावर कपाटे भरली आहेत. एका क्षणाविषयी मात्र लिहिले पाहिजे. विश्वासराव गोळी लागून पडले आणि भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसून गर्दीत घुसले. बखर इथे उचंबळून येते. कादंबरीही येते. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'ने (१९८८) भाऊंवरचा कलंक धुऊन काढला आणि ते काम तिने मनापासून केले. त्याआधी शेजवलकरांनी १९४६ च्या आपल्या ग्रंथात भाऊंवरच्या आरोपांची कसून झडती घेतली होतीच. पण दोघांच्याही मांडणीत भाऊंची शोकांतिका पुढे आणि छावणीची उपासमार मागे, पडद्यावर रंगवलेली. भाऊंचे धैर्य मी नाकारत नाही. निर्णय म्हणून त्या धावण्याकडे पाहा. त्या घटकेला पाठीमागे बायकामुलांसह काही हजार माणसे एका माणसाच्या हुकमाची वाट पाहत उभी होती. माघार कशी घ्यायची, कोणत्या वाटेने, त्यांना मध्ये घेऊन कोणी चालायचे, हे एकच माणूस सांगू शकत होता आणि त्याने स्वतःसाठी वीरमरण निवडले. हत्तीवर सेनापती दिसेना तशी फौज फुटली. दुसऱ्या दिवशी अफगाणांच्या तंबूंपुढे कैद्यांची मुंडकी पडत होती. जे कसेबसे निसटले त्यांना अन्न-वस्त्र दिले ते सूरजमलने, ज्याचा सल्ला जमीनदाराचा होता. भाऊंच्या त्या धावण्याला वीरश्री म्हणणारी समीक्षा सेनापतीचे काम काय असते हेच विसरते.

पुढे पंधरा वर्षे महाराष्ट्र भाऊ परत येण्याची वाट पाहत राहिला. एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे किल्ले आणि माणसे गेली, १७७६ साली त्याला पुण्यात मारावे लागले. गेलेल्या पखालजीचा तोतया कुठल्या गावात आला असता तर निदान त्याच्या घरच्यांनी त्याला ओळखले असते.

वर्गात हे सगळे मांडल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग यात आपला माणूस कुठे?" त्याला एखादे नाव हवे होते. खर्ड्याच्या शिदनाकासारखे, ज्याच्या अंगावर आपणही पोवाडा चढवू शकू. ही भूक मला समजते, ती माझ्यातही आहे. पण मी त्याला नाव दिले नाही. मोहरांच्या यादीत अठ्ठाविसावी मोहर आपली घातली म्हणून खुर्दा मोजला गेला असे होत नाही. आपल्या चळवळीचा इतिहासही आपण त्याच रीतीने लिहू लागलो आहोत. रिपब्लिकन पक्ष १९५७ साली उभा राहिला आणि फार दिवस न लोटता फुटला. त्यावरचे लेखन काढून पाहा : कोणता पुढारी चुकला, कोणी कोणाचा सल्ला डावलला, कोण आधी निघून गेला. भाऊ आणि मल्हाररावच, नावे तेवढी आपली. मोर्चाला ट्रकने आलेल्या, तुरुंगात गेलेल्या, परत गावी जाऊन बहिष्कार सोसलेल्या माणसाला फुटीच्या आदल्या रात्री कोणी काही विचारले होते का, हा प्रश्न त्या लेखनात नसतो. त्याच्याही गावच्या माळावर किती दिवसांचे गवत उरले आहे हे त्यालाच ठाऊक असते.

एक आक्षेप येईल तो आताच घेतो. युद्ध म्हणजे ग्रामसभा नव्हे, तिथे एकाचाच हुकूम चालावा लागतो, अब्दालीचा चालला म्हणून तो जिंकला, असे म्हटले जाईल. काशीराजाच्या हकीकतीतला अब्दाली खरोखर प्रभावी आहे. पहाटेपासून घोड्यावर, स्वतः चौक्या तपासणारा, रात्री गस्तीची सोय लावून मित्रांना निश्चिंत झोपा म्हणणारा. हिंदुस्थानी सरदारांनी हल्ल्याची घाई केली तेव्हा त्याने त्यांना सांगितले की बाकी कारभार तुमचा, लढाईचा प्रश्न माझ्यावर सोडा. नेतृत्वाचे धडे देणाऱ्यांना हा माणूस फार आवडतो. पण त्या दिवशी त्याची फौज फुटू लागली तेव्हा त्याने पळणाऱ्यांना परत वळवण्यासाठी जे शिपाई पाठवले त्यांना हुकूम होता : न वळेल त्याला कापा. आणि लढाई जिंकून तो दिल्लीत आल्यावर त्याच्या याच शिपायांनी थकलेला पगार मागितला, घरी जायचे म्हणून हटून बसले. तिथे त्याचा एकहाती हुकूम चालला नाही. मार्च १७६१ मध्ये दिल्ली सोडून तो अफगाणिस्तानच्या वाटेला लागला.